चार भोकं, पाच गोळ्या

रविवार, ७ नोव्हेंबर १९५४. चांदा.

सकाळी चांदमारीला. परकोटाबाहेर, झरपट नदीच्या अलीकडे मातीचा बांध घातलाय तिथे. सहाजण होतो. बाबूराव वकील क्लबाचे चिटणीस, पण सगळ्यांत उशिरा तेच.

पन्नास यार्ड, पालथं पडून, पाच-पाच गोळ्या. माझे पहिले दोन निशाणाचे कागद ठीक. तिसऱ्यावर एक गोळी पार बाहेर. घरी येऊन डिव्हायडरनं मोजलं. चार गोळ्या सहा सुतांच्या, म्हणजे पाऊण इंचाच्या आत, पाचवी चांगली इंचभर दूर. वहीत चारांचीच सरासरी लिहिली. पाचवीच्या वेळी शेजारी कोणी खोकललं होतं, म्हणून ती धरली नाही.

खोकललं हे खरं. पण गोळी सुटल्यावर.

रविवार, १४ नोव्हें.

पितळी खुंटी तयार झाली. सोनाराकडून घासून घेतली, गोळीच्या बरोबर जाडीची. भोक वर्तुळाच्या रेघेला लागलं की नाही यावरून दर रविवारी भांडणं होतात. आता खुंटी भोकात घालायची, वरून भिंग धरायचं. रेघेला टेकली तर वरचे गुण, नाही तर खालचे. बाबूराव म्हणाले, ड्रॉइंग मास्तरला क्लबात घेतल्याचं चीज झालं. यापुढे सगळ्यांचे कागद मीच मोजायचे असं ठरलं. माझेसुद्धा. कोणी हरकत घेतली नाही. मीही नाही.

बरं वाटलं. शाळेत ड्रॉइंगच्या तासाला कोण विचारतो.

माझे गुण पन्नासपैकी ४०, ४१, ३९. महिनाभर तिथेच अडकलोय.

रविवार, २१ नोव्हें.

गडचिरोलीच्या जंगलसाहेबांची चिठ्ठी आली. नाताळच्या सुटीत त्यांची माणसं आणि आपला क्लब यांचा दोस्तीचा सामना व्हावा. सगळ्यांत जास्त गुण त्याला चांदीचा पेला. जेवणखाण त्यांच्याकडे.

चिठ्ठी घेऊन एक नाकेदार आला होता. रैनू मडावी, एटापल्लीच्या आतल्या जंगलातला गोंड. सध्या गडचिरोलीजवळच्या लाकूडनाक्यावर आहे. जंगलातून निघणाऱ्या गाड्यांवरचे लठ्ठे मोजायचे, परवान्याशी ताडून पाहायचे, मग गाडी सोडायची, हे त्याचं काम. पस्तिशीचा असेल. चिठ्ठी दिली तरी गेला नाही. बांधाच्या कडेला उकिडवा बसून आमची चांदमारी पाहत राहिला.

माझ्या पाच झाल्यावर जवळ आला. म्हणाला, "मास्तर, तुमी गोळी सुटल्याबरोबर डोस्कं उचलता. कुठी लागली ते पाहाले."

मी म्हटलं, सुटल्यावर उचललं तर काय बिघडतं?

"सुटल्यावर नाई उचलत. सुटाच्या आंधीच उचलता. तुमाले वाटते सुटल्यावर."

राग आला. पंधरा वर्षं काटकोन शिकवतोय आणि हा मला शिकवतो. पण त्याच्या सांगण्यानं केलं. चाप ओढल्यावरही नळीच्या टोकावरच्या माशीवरून नजर काढायची नाही, मनात तीन आकडे मोजायचे, मग डोकं वर. पुढचा कागद ४४.

त्याला एक काडतूस देऊन पाहिलं. ठिपक्याच्या मध्यात मारलं आणि रायफल पुसून परत केली. थँक्यू म्हणायला पाहिजे होतं मी. राहिलं.

रविवार, ५ डिसें.

४३, ४५. सूत्र एकच, डोकं नाही उचलायचं. घरी रायफल नाही म्हणून टी-स्क्वेअर खांद्याला लावून जमिनीवर पालथा पडतो आणि भिंतीवर पेन्सिलीनं केलेल्या टिंबावर नेम धरतो. सौ. म्हणते, शेजारच्यांनी पाहिलं तर डॉक्टर बोलावतील.

क्लबात सगळे विचारतात, एवढा फरक कसा पडला. म्हटलं, अभ्यास.

शनिवार, २५ डिसें. गडचिरोली.

दुपारी पोचलो. वैनगंगेवर मोटार रिकामी करून सगळे नावेनं पार, मग दुसरी मोटार. जंगलसाहेबांच्या बंगल्यामागे मैदान तयार केलंय. रैनू भेटला. लांबूनच जोहार केला त्यानं. सौ.नं दिलेले लाडू सगळ्यांना वाटले, त्यालाही.

रविवार, २६ डिसें.

सामना झाला. मी पहिला, ४६. बाबूराव ४१. पेला मिळाला.

रैनू नाकेदाराच्या कागदावर चार भोकं, ३८. एक गोळी वाया. तो म्हणत होता पाचही लागल्या. चार मोजली, चार लिहिली.

दमलोय.

मंगळवार, २८ डिसें. चांदा.

परवाचं लिहिलेलं वाचलं. एकेक शब्द बरोबर आहे, आणि तरी तसं झालं नाही. कसं झालं ते इथे तरी लिहितो.

गोळीबार संपल्यावर कागद माझ्यापुढे आले. मोहाच्या झाडाखाली टेबल होतं. बाकीचे चहाला गेले. माझा कागद आधी मोजला. ४६, त्यात काही लबाडी नाही. बाकी सगळे त्याखाली. शेवटी रैनूचा. एक भोक दहाच्या वर्तुळात, दोन नवाच्या, आणि एक अगदी मध्यात. मधलं जरा लांबट दिसलं. भिंग धरलं. गोळीचं भोक पावणेदोन सूत असतं, हे सव्वादोनच्या पुढे. आणि दोन्ही कडांना मध्यावर कागदाचं एकेक बारीक टोक आत आलेलं, दोन वर्तुळं एकमेकांवर सरकली की येतं तसं. मी ड्रॉइंग शिकवतो. मला ते कळायला भिंगसुद्धा नको होतं.

दोन गोळ्या. दहा आणि दहा. म्हणजे ४८.

मग मी खुंटी घातली. ती रेघेसाठी असते, आणि या भोकाजवळ रेघ नव्हती. घातली, कडेला दाबली आणि फिरवली. दोनदा. काढली तेव्हा ती टोकं गेली होती. भोक थोडं मोठं, पण गोल.

हात कापला नाही. हे मुद्दाम लिहितो.

साहेबांनी निकाल वाचला तेव्हा रैनू पुढे आला. म्हणाला, "पाच लागल्या, सायेब. पाचवी चौथीच्याच जागी गेली." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मध्ये एकच भोक आहे साहेब." मागे मातीचा बांध, त्यात शेकडो गोळ्या, शोधणार काय? साहेबांनी कागद उन्हात धरून पाहिला. त्यांना एक गोल भोक दिसलं. कोणीतरी म्हणालं, पन्नास यार्डावरून गोळीच्या मागे गोळी जाताना पाहिली यानं. लोक हसले. मीही. मोठ्यानं नाही.

रैनू परत म्हणाला, "पाच मारल्या." साहेब जरा चढ्या आवाजात म्हणाले, बस. तो सलाम करून मागे सरला.

निघताना माझी वळकटी त्यानंच मोटारीच्या टपावर चढवली.

सोमवार, ३ जानेवारी १९५५.

शाळा उघडली. प्रार्थनेनंतर हेडमास्तरांनी सगळ्या शाळेपुढे हार घातला. भाषणात म्हणाले, आमच्या मास्तरांची नजर इतकी नेमकी की केसाचाही फरक सोडत नाहीत. टाळ्या. मी दोन शब्द बोलावे असा आग्रह झाला. उभा राहिलो, आणि काय बोललो? मनाची एकाग्रता, श्वासावर ताबा, आणि गोळी सुटल्यावरही डोकं उचलू नये हे. हे मला माझ्या अनुभवातून कळलं, असं म्हणालो.

अनुभवातून.

हार ड्रॉइंगच्या खोलीतल्या कपाटात ठेवून दिला.

रविवार, ९ जाने.

चांदमारीला गेलो नाही. सर्दी असल्याचं कळवलं. सर्दी नाही.

मनाशी हिशेब लावतो की एका पेल्यानं कोणाचं काय बिघडलं. दोस्तीचा सामना. त्या माणसाला पेल्याचं काय करायचं होतं? आणि लगेच वाटतं, त्यानं पेला मागितलाच नव्हता. तो फक्त पाच म्हणत होता.

रविवार, १६ जाने.

सौ.चं हळदीकुंकू. पेला तिनं घासून पाटावर मांडला, त्यात तिळगूळ. बायका हातात घेऊन पाहत होत्या. ती सांगत होती, जंगलातल्या माणसांना हरवून आणला, ज्यांचा जन्म बंदुकीवर गेला त्यांना. मी आतल्या खोलीत. मग मागच्या दारानं बाहेर पडलो आणि रामाळा तलावावर दिवेलागणीपर्यंत बसून राहिलो.

आल्यावर म्हणाली, बायकांपुढं लाजता काय.

मंगळवार, १८ जाने.

बाबूरावांकडे क्लबाच्या वर्गणीच्या यादीसाठी गेलो. बोलता बोलता हसून म्हणाले, "मास्तर, तुमच्या मोजणीनं माझं काम हलकं केलं."

विचारलं कसं.

त्यांचा एक अशील आहे, लाकडाचा ठेकेदार. डिसेंबरच्या सुरुवातीला त्याच्या गाड्या रैनूच्या नाक्यावर अडल्या. परवाना बारा लठ्ठ्यांचा, रैनूच्या मोजणीत सतरा. रैनू साहेबांना वर्दी द्यायला गेला, परत येईतो गाडीवर बाराच होते. ठेकेदार म्हणतो पहिल्यापासून बाराच. साक्षीदार रैनू एकटा. साहेबांनी चौकशी लावली, आणि मागच्या आठवड्यात बाबूरावांनी लेखी उत्तर दिलं. त्यात लिहिलंय की या नाकेदारानं खुद्द साहेबांच्या देखत, पंचवीस माणसांपुढं चाराचे पाच सांगितले. अशा माणसाच्या मोजणीवर विश्वास तो किती ठेवायचा.

रैनूला नाक्यावरून काढून एटापल्लीच्या आत पाठवलंय. निकाल लागेपर्यंत.

मी यादी घेतली आणि उठलो. पायात चपला घालताना डावी-उजवी चुकली.

गुरुवार, २० जाने.

आज बाबूरावांना सांगितलं. सगळं, खुंटीसकट.

ते बराच वेळ पानदानाशी खेळत बसले. मग सावकाश म्हणाले, मास्तर, हे तुम्ही मला सांगितलं नाही आणि मी ऐकलं नाही. समजावून सांगत होते, रागावले नाहीत. म्हणाले, कागद आहे ना तुमच्याकडे? मी म्हटलं आहे. "त्यावर दोन गोळ्या दिसतात?" म्हटलं नाही, आता एकच दिसते. म्हणाले, मग पुरावा कशाचा? नोकरी घालवाल, घरच्यांना तोंड दाखवायला जागा राहणार नाही, आणि त्या नाकेदाराचं काही भलं होईलच असं नाही.

सगळं पटण्यासारखं. पटावं असं वाटत होतं म्हणूनच उठून आलो.

रविवार, २३ जाने.

सोमवार ते शनिवार रजा टाकली. सौ.ला सांगितलं, शाळेच्या कामानं आलापल्लीकडे जातोय, डोंगरांची चित्रं काढायला. रंगाची पेटीही घेतली सोबत, तिला दिसावी म्हणून. एक खोटं झाकायला दुसरं.

मंगळवार, २५ जाने. एटापल्ली.

काल आलापल्लीत मुक्काम. आज लाकडाच्या ट्रकवर बसून इथे. दोन्ही बाजूंना साग, मध्ये तांबडी धूळ, माणूस क्वचित. ड्रायव्हरनं विचारलं, काय काम काढलं? म्हटलं, एका माणसाला भेटायचंय. म्हणाला, याच्यासाठी एवढ्या दूर? चांगला दोस्त असल.

बुधवार, २६ जाने.

तीन कोस चालून नाका. नाका म्हणजे बांबूची झोपडी, पुढे गाडी अडवायला लाकडाची आडवी बल्ली. इथून महिन्यात दोन गाड्या जात असतील. रैनू बल्लीला दोर बांधत होता. ओळखलं. जोहार केला. त्याच्या बायकोनं मला बाज टाकून दिली, पाणी दिलं. तिला मराठी येत नाही.

वाटेत वाक्यं जुळवत आलो होतो, त्यातलं एकही आठवेना. म्हटलं, "रैनूभाऊ, तुमच्या पाच लागल्या होत्या. मी पाहिलं होतं. भोक मी गोल केलं."

तुमच्या म्हणालो, हे नंतर लक्षात आलं. याआधी कधी म्हटलं नव्हतं.

तो दोर बांधत राहिला. गाठ पुरी केली. मग समोर येऊन जमिनीवर बसला. मी खाली उतरून बसू लागलो तर हातानं नको म्हणाला, बाजेवरच बसा.

"मले ठाऊक हाये पाच लागल्या," म्हणाला. "तुमाले ठाऊक हाये का नाई, ते मले ठाऊक नोतं. मले वाटे मास्तरची नजर चुकली असल. चुकते मानसाची."

मी मान हलवली, नाही म्हणून.

"तं चुकली नाई."

"नाही."

त्यानं बायकोला गोंडीत काही सांगितलं. थोडंच बोलला, पण तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. परत बाहेर आली नाही.

मग विचारलं त्यानं. "तवा सांगतलं नाई. आता काऊन सांगून राह्यले?"

मी लठ्ठ्यांचं सांगितलं, बाबूरावांच्या लेखी उत्तराचं. साहेबांना एवढं लिहून दिल्याचं त्याला माहीतच नव्हतं. त्याला वाटत होतं, सामन्यात वाद घातला म्हणून साहेबांची मर्जी गेली. सतरा लठ्ठे होते, म्हणाला. एकेकाला हात लावून मोजले. पाच काढून नाल्यात लोटले असतील.

मग म्हणाला, साहेब शनिवारी दौऱ्यावर आलापल्लीला येणार आहेत, त्यांच्यापुढं सांगा. एवढंच. त्यात विनंती नव्हती.

हो म्हटलं. मग भीती वाटली. आत्ताही वाटतेय.

भाकरी आणि आंबाडीची भाजी पुढ्यात ठेवली त्यानं. स्वतः नंतर जेवला, आत जाऊन.

शनिवार, २९ जाने. आलापल्ली.

रेस्टहाऊसच्या व्हरांड्यात दहा वाजल्यापासून. रैनू काल संध्याकाळी चालत आला होता. माझ्यापासून चार हात दूर बसला. मी लेखी निवेदन तयार केलं होतं, दीड पान. चारदा लिहून काढलं. पहिल्या तीन वेळा "अनवधानाने" हा शब्द कुठूनतरी आत येत होता.

साडेअकराला बोलावलं. साहेबांनी निवेदन वाचलं, चष्मा काढला, परत लावून पुन्हा वाचलं. कागदही दिला, निशाणाचा. त्यांनी उजेडात धरला, मागच्या वेळेसारखाच.

"यात तर एकच दिसतंय."

"हो साहेब. मी तसं केलं."

"मास्तर, तेव्हाचं खरं धरू की आत्ताचं?"

पन्नासपैकी गुण देता येतात अशी ही गोष्ट नव्हती. मी म्हटलं, आत्ताचं. ते म्हणाले, तेव्हाही तुम्ही इतकेच ठाम होता. आवाज कडक नव्हता. थकलेला होता. म्हणाले, उद्या ठेकेदाराचे वकील म्हणतील, नाकेदारानं मास्तरला गाठून लिहवून घेतलं. मी काय सांगू त्यांना?

मग त्यांना सुचलं, आणि मनापासून सुचलं. त्यांनी आपली स्वतःची रायफल मागवली. रैनूला म्हणाले, पाच गोळ्या देतो, मागच्या पटांगणात आत्ता मारून दाखव. एकावर एक बसल्या तर मी स्वतः साक्षीला उभा राहीन.

माझ्या जिवात जीव आला. वाटलं, मार रैनूभाऊ, मार आणि सोडव मला. हेच वाटलं. त्याला सोडव असं नाही.

रैनूनं रायफलीकडे पाहिलं. हात लावला नाही.

"पाच मारल्या होत्या, सायेब. अजून काऊन मारू?"

साहेब म्हणाले, तुझ्याच भल्यासाठी सांगतोय.

"आज हात हालला तं? तं त्या दिवशीच्या खोट्या होतीन का?"

साहेबांनी रायफल परत आत पाठवली. माझं निवेदन फायलीत लावलं, त्यावर माझी आणखी एक सही घेतली. म्हणाले, वर पाठवतो, काय होतं बघू. तुम्हाला बोलावलं तर यावं लागेल. सगळ्यांपुढं सांगावं लागेल.

बाहेर आल्यावर रैनू म्हणाला, ट्रक दोन वाजता निघतो, लवकर जाऊन जागा धरा. आणि आपल्या वाटेनं चालू लागला. मी "रैनूभाऊ" म्हणून हाक मारली. तो थांबला, वळून पाहिलं, मी काय बोलणार याची वाट पाहिली. मग तो गेला.

सोमवार, ३१ जाने. चांदा.

सौ.नं रंगाची पेटी उघडून पाहिली. ब्रश कोरडे. चित्रं कुठी हायेत, विचारलं.

सांगितलं तिला. शेवटी एवढंच म्हणाली, हळदीकुंकवाला मी त्या बायकांना काय काय सांगत होते. आणि चुलीशी गेली.

गुरुवार, ३ फेब्रु.

सौ. कामापुरतं बोलते. पेला जागेवर नाही. कुठे ठेवला, मी विचारलं नाही.

रविवार, ६ फेब्रु.

क्लबाची बैठक. मीच बोलावायला लावली. उभा राहून सांगितलं. वाटलं होतं ओरडतील. कोणी ओरडलं नाही. एकानं विचारलं, माझ्या कागदावर पण कधी केलं होतं का असं? नाही म्हटलं. तो हं म्हणाला. बस, तेवढंच. पण मग एकेकजण आपापले जुने कागद आठवायला लागला, हे मला चेहऱ्यांवरून दिसत होतं. कोणाच्या चाळीस गुणांत किती खरे आणि किती माझे. तो विश्वास मी आता कितीही सांगून परत येणार नाही.

वहीतलं ७ नोव्हेंबरचं पान मी स्वतःहून दाखवलं. इंचभर दूर गेलेली ती गोळी. कोणाला काही वाटलं नाही. म्हणाले, तो तुमचा खासगी सराव.

बाबूराव सगळा वेळ छताकडे पाहत होते. निघताना खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, मी तुम्हाला सांगितलं होतं. मग म्हणाले, ठेकेदाराचं वकीलपत्र सोडता येत नाही, वाईट वाटून घेऊ नका.

मोजणीचं काम दुसऱ्याकडे दिलं. खुंटी दिली काढून त्याच्याकडे.

मंगळवार, ८ फेब्रु.

हेडमास्तरांच्या कानावर गेलंय. खोलीत बोलावून विचारलं, खरं का? हो म्हटलं. म्हणाले, संस्थेच्या मंडळींपुढं ठेवावं लागेल. मग, अगदी वेगळ्या आवाजात, "पण मास्तर, कोणाला कळलंही नसतं." हे बोलून तेच ओशाळले.

तासाला गेलो. फळ्यावर वर्तुळ काढलं. सगळे गप्प होते. नेहमी नसतात.

शनिवार, १२ फेब्रु.

गडचिरोलीहून कागद आला. बुधवारी, १६ तारखेला चौकशी. मी हजर राहून तोंडी सांगायचं. ठेकेदारातर्फे बाबूराव उलट प्रश्न विचारतील. रैनू मडावीलाही बोलावलंय.

बाबूराव काय विचारतील ते मला पाठ आहे. तुम्ही कागद मोजला तेव्हा शपथेवर नव्हता, पण प्रामाणिक होता का? नव्हता तर आज आहात हे कशावरून? भोक दोन गोळ्यांचं होतं हे तुमच्याशिवाय कोणी पाहिलं? तुमची मोजणी खोटी असली म्हणून नाकेदाराची खरी कशी? सतरा लठ्ठे तुम्ही पाहिले का?

नाही पाहिले. मी फक्त पाच गोळ्यांबद्दल सांगू शकतो. त्यावर सतरा लठ्ठे उभे राहतील की नाही, मला माहीत नाही. जंगलसाहेबांनाही माहीत नसावं.

उत्तरं लिहून काढायला बसलो होतो. प्रत्येक उत्तरात माझी बाजू जरा बरी करून घ्यायची खोड जात नाही. फाडून टाकलं. जे विचारतील त्याला तिथेच उत्तर.

मंगळवार, १५ फेब्रु.

उद्या सकाळी साडेसहाची मोटार. धोतर, कोट, कागद, डबा. सौ.नं दोन डबे भरले. म्हटलं, एक पुरे. म्हणाली, मीही येते.

मी म्हटलं, कशाला, तिथं बायकांना बसायला जागासुद्धा नसेल. आणि बाबूराव काय काय विचारतील, तुला ऐकवणार नाही.

ती डब्याचं झाकण लावत होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मले घरी सांगतलं ते मी आयकलं. तिथी काय सांगता ते आयकाचं हाये."